जमिनीची प्रत

साहित्याच्या अभ्यासकाला 'प्रत' हा शब्द हस्तलिखितामुळे परिचयाचा असतो. बाजारात तोच शब्द मालाच्या दर्जासाठी वापरला जातो. या दोहोंच्या मधोमध त्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो महसुलाच्या दप्तरातला आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात आणि पुढे वऱ्हाडात जमिनीची जी मोजणी झाली, तिच्या दुसऱ्या टप्प्याला 'प्रतबंदी' असे नाव होते. शेताचे क्षेत्रफळ मोजून झाल्यावर त्या शेतातील मातीचा दर्जा ठरवावयाचा आणि त्यावरून सारा आकारावयाचा, असे ते काम. या लेखात आम्ही प्रतीच्या या तिसऱ्या अर्थाचा मागोवा घेणार आहोत. निमित्त आहे बुलढाणा जिल्ह्यातील पुराचे, आणि त्यानंतर शासकीय कागदांत हमखास येणाऱ्या एका शब्दाचे. तो शब्द म्हणजे 'पूर्ववत'.

२२ जुलै २०२३ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत अतिवृष्टी झाली. खरिपाची पेरणी होऊन पिके नुकती उभी राहिली होती. नद्या-नाल्यांनी पात्र सोडले, पिके गेली, आणि अनेक ठिकाणी पिकांखालची मातीही गेली. आमच्याकडे याला 'जमीन खरडून जाणे' म्हणतात. पीक गेले तर एक हंगाम जातो, हे शेतकरी जाणतो आणि सोसतोही. माती गेली तर काय जाते, हे सांगणारा हिशेब मात्र कोणत्याच कागदावर सापडत नाही. तो का सापडत नाही, हा प्रश्न इतिहासाचा आहे असे आम्हांस वाटते.

आधी भूगोल थोडक्यात पाहू. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. लोक त्यांना 'घाटावर' आणि 'घाटाखाली' म्हणतात. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा भाग येतो. पैनगंगा याच डोंगरात उगम पावते. येथे काळ्या मातीचा थर बेसाल्ट खडकावर बसलेला असतो, आणि उताराच्या वावरांत तो पातळ असतो. तो निघाला की खालचा मुरूम उघडा पडतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव आणि पूर्णेपलीकडे जळगाव जामोद व संग्रामपूर असा मुलूख आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाची खोली शेकडो फुटांची आहे. येथे माती सरण्याचा प्रश्न नसतो. पण वरचा कसदार थर निघाला की खालची माती लगेच पीक घेत नाही, आणि खारपाणपट्ट्यात तर खालून क्षारही वर येतात. सातपुड्याला लागून असलेल्या पट्ट्यात आणखी वेगळी आपत्ती असते. डोंगरातून वेगाने उतरणारे पाणी गोटे, रेती, भरड वाळू घेऊन येते आणि सपाटीला लागताच वेग मंदावल्याने ते ओझे वावरात टाकून देते. म्हणजे एकाच पुरात एकाचे वावर खरडले जाते आणि शेजाऱ्याचे वावर दगडगोट्यांखाली पुरले जाते. पंचनाम्यात दोन्ही 'बाधित क्षेत्र' म्हणून हेक्टर-आरमध्ये लिहिली जातात.

क्षेत्र लिहिले जाते, खोली लिहिली जात नाही. हे नेहमीच असे नव्हते.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६०च्या दशकात तेथे जमिनीची रीतसर मोजणी सुरू झाली तेव्हा मुंबई इलाख्याची पद्धत आदर्श म्हणून घेतली गेली. त्या पद्धतीची नियमावली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तीन अधिकाऱ्यांच्या १८४७ सालच्या संयुक्त अहवालात आहे. रुक्ष वाटणारा हा अहवाल आम्हांस मातीविषयीच्या गद्याचा एक विलक्षण नमुना वाटतो. शेताचे मनाने साधारण सारखे भाग पाडावयाचे, प्रत्येक भागात खणून मातीची खोली पाहावयाची, तिचा वर्ण व घडण पाहून तिला तीनपैकी एका वर्गात घालावयाचे, आणि मग खोलीप्रमाणे तिची किंमत आण्यांत मांडावयाची. पहिल्या वर्गातील काळी माती पावणेदोन हात खोल असली तर ती सोळा आणे. खोली दीड हात भरली तर चौदा आणे, सव्वा हात भरली तर बारा, एक हात भरली तर दहा. अशा रीतीने दर पाव हाताला एक पायरी उतरत जाते आणि पाव हात मातीपाशी ती साडेचार आण्यांवर येते.

याच अहवालात मातीचे सात दोष सांगितले आहेत. त्यांत चुनखडीचे खडे आहेत, वाळूची भेसळ आहे, उतार आहे, झऱ्यांमुळे होणारी उपळट आहे. आणि त्यांतच एक दोष असा आहे की पावसाचे वाहते पाणी त्या जमिनीवरून जाण्याचा संभव असणे. प्रत्येक दोषाला नकाशावर एक खूण होती, आणि दोष आढळला की जमिनीची प्रत एक पायरी खाली जाई. अर्थात पूर येऊ शकतो ही गोष्ट मोजणी करणाऱ्याने शेताच्या आराखड्यात पूर येण्याआधीच नोंदविलेली असे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. ही सारी बारकाई साऱ्यासाठी होती. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर कापूस होतो आणि तो मँचेस्टरला हवा आहे, हे मोजणी करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. एकदा आकार ठरला की तो साधारण तीस वर्षे कायम राही. त्या तीस वर्षांत माती वाहून गेली तर ती मागे आणून देण्याची जबाबदारी सरकारने स्वतःकडे घेतली नव्हती. तरीही परिणाम असा झाला, की शेतकऱ्याच्या पायाखाली किती माती आहे हे इतिहासात एकदा, एका ठरावीक दिवशी, लिहून ठेवले गेले. जमिनीची ही पहिली लिखित प्रत होय. ती सावकाराच्या वहीसारखी आहे. लिहिणाऱ्याचा हेतू संशयास्पद असला तरी नोंद मोलाची असते.

आता आम्ही वाचकाला थोडे दूर नेणार आहोत, कारण खोलीची नोंद ठेवणे म्हणजे काय आणि तिने दुरुस्तीत काय फरक पडतो, हे एका अगदी वेगळ्या प्रकारच्या जमिनीवर स्पष्ट दिसते. ती जमीन गोल्फच्या मैदानाची. बुलढाण्याच्या वावराशेजारी गोल्फचे मैदान ठेवणे काहींना विचित्र वाटेल, काहींना क्रूरही वाटेल. एकीकडे पोटाचा प्रश्न आणि दुसरीकडे श्रीमंतांचा खेळ. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्याकडे आम्ही पुढे येऊच. पण आधी त्या मैदानाची रचना पाहू.

गोल्फच्या मैदानात ज्या खळग्यात चेंडू टाकावयाचा त्याभोवतीच्या तासून काढल्यासारख्या हिरवळीला 'ग्रीन' म्हणतात. वरून ती साधी गवताची चादर दिसते. प्रत्यक्षात ती बांधकाम असते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींप्रमाणे तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यावर सुमारे चार इंच खडीचा थर आणि त्यावर सुमारे बारा इंच वाळूप्रधान मिश्रण असते. बारीक वाळू आणि भरड खडी यांच्या सीमेवर पाणी काही काळ अडून राहते, मुळांना ओल मिळते, आणि जास्तीचे पाणी मात्र खाली निघून जाते. या रचनेचा शत्रू म्हणजे पुराचा गाळ. चिकण मातीचा अर्धा इंच थर जरी वाळूवर बसला तरी पाणी मुरणे थांबते, हवा थांबते आणि मुळे गुदमरतात. म्हणून पूर ओसरताच मैदान राखणाऱ्यांची धावपळ सुरू होते ती गाळ वाळण्याआधी तो खोऱ्यांनी ओढून काढण्यासाठी आणि उरलेला पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाकण्यासाठी. वाळून पापुद्रा धरलेला गाळ काढताना गवतही निघते. त्यानंतर पोकळ दातांच्या यंत्राने जमिनीतून बोटभर लांबीच्या मातीच्या कांड्या उपसून काढतात, त्या भोकांत वाळू भरतात आणि गवताला पुन्हा श्वास घेऊ देतात. जेथे गवत पुरते गेले असेल तेथे नवे लावतात. देखभाल म्हणजे हेच काम दरवर्षी थोडेथोडे करीत राहणे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातले ऑगस्टा नॅशनल हे मैदान प्रसिद्ध आहे. १९३४पासून तेथे दरवर्षी मास्टर्स ही स्पर्धा भरते, दुसऱ्या महायुद्धाची काही वर्षे सोडून. ही जागा एके काळी फळझाडांची रोपवाटिका होती. ऑक्टोबर १९९०मध्ये तेथील रेज क्रीक या ओढ्याला मोठा पूर आला आणि अकराव्या खळग्याचे ग्रीन वाहून गेले. एप्रिल १९९१ची स्पर्धा वेळेवर झाली, आणि ती पुन्हा बांधलेल्या त्याच ग्रीनवर झाली. सहा महिन्यांत हे घडले ते पैशाच्या बळावर, यात शंका नाही. परंतु नुसत्या पैशाने 'तेच' ग्रीन पुन्हा होत नाही. त्यासाठी ते ग्रीन काय होते हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. त्याचे चढउतार कोठे होते, थर किती इंचांचे होते, कोणती वाळू, कोणते गवत, निचऱ्याची दिशा कोणती, हे सारे माहीत असावे लागते. गोल्फच्या मैदानाला उभ्या छेदाचा नकाशा असतो. आमच्या वावराला केवळ आडवा नकाशा आहे.

येथे या दोन जमिनींतील एक गमतीदार उलटापालट सांगितली पाहिजे. ग्रीनवर वाळू हे धन आणि चिकण गाळ ही आपत्ती. वावरात काळी चिकण माती हे धन आणि वाळू ही आपत्ती. पूर तोच, त्याने आणलेले पदार्थ तेच. नुकसान कशाला म्हणावयाचे हे जमिनीकडून आपण काय मागतो त्यावर ठरते. म्हणून 'पूर्ववत' या शब्दाला स्वतःचा असा अर्थ नाही. कशासाठी पूर्ववत, हे सांगितल्यावरच त्याला अर्थ येतो.

हीच उलटापालट गवताच्या बाबतीतही आहे. उष्ण प्रदेशांतील गोल्फच्या मैदानांवर जे गवत सर्वाधिक भरवशाचे मानतात, त्याला इंग्रजी जग 'बर्म्युडा ग्रास' म्हणते. ते म्हणजे आपली हरळी. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्या १८२९ सालच्या कोलकात्याच्या क्लबात हीच हरळी 'दूब' या नावाने पायांखाली होती. जॉर्जियातील टिफ्टन येथील संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी हरळी आणि तिची आफ्रिकन बहीण यांच्या संकरातून १९५६ साली 'टिफग्रीन' हे वाण प्रसारित केले, आणि पुढे त्या कुळातील वाणे जगभर पसरली. हरळीचा गुण असा, की ती जमिनीवरून धावत्या खोडांनी आणि जमिनीखालून कांड्यांनी पसरते, काही दिवस पाण्याखाली राहिली तरी मरत नाही, आणि एखादे पेर शिल्लक राहिले तरी पुन्हा फुटते. पुरानंतर मैदान सावरते ते या पेरांच्या जोरावर.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला हरळीचा हा गुण तोंडपाठ आहे, पण त्याच्या लेखी तो अवगुण. कुंदा आणि हरळी ही काळ्या वावरातली दोन जुनी दुखणी. त्यांच्यासाठी नांगर खोल घालावा लागतो, उन्हाळ्यात वावर तापवावे लागते, काश्या वेचून जाळाव्या लागतात. तोच शेतकरी धुऱ्यावरची हरळी मात्र सहसा उपटत नाही. धुऱ्याची माती धरून ठेवते ती हरळीच, आणि धुरा फुटला तर वावर फुटते हे त्याला कळते. आणि गणेशचतुर्थीला तीच हरळी दूर्वा होऊन देवघरात जाते. एकाच गवताला वावरात तण, धुऱ्यावर राखण आणि देवघरात पूजाद्रव्य अशी तीन स्थाने देणारी ही समज आम्हांस फार मोलाची वाटते. जागेवरून वस्तूचे मोल ठरविण्याची ही रीत कोणत्याही समीक्षकाने शिकावी अशी आहे.

आता आक्षेपाकडे येऊ. गोल्फचे मैदान सावरते कारण त्यामागे क्लब असतो, सभासदांची वर्गणी असते, विमा असतो, पगारी माणसे असतात. शेतकऱ्यामागे काय असते? शासन असते, आणि शासनाचे निकष असतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष पाहावेत. शेतजमिनीवर वाळू वा गाळाचा तीन इंचांहून जाड थर बसला असेल तर तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये. दरड कोसळून, कडा ढासळून किंवा नदीने पात्र बदलल्याने जमिनीचा मोठा भाग नष्ट झाला असेल तर हेक्टरी ४७,००० रुपये, आणि तेही अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी. या निकषांची रचना वाचकाने लक्षपूर्वक पाहावी. जो गाळ आला त्याची जाडी इंचांत मोजली आहे. जी माती गेली तिची जाडी कोठेही विचारलेली नाही.

थोडे गणित करून पाहू. जुन्या कोष्टकातील अर्धा हात म्हणजे नऊ इंच. एक हेक्टर वावरातून नऊ इंच माती गेली तर ती सुमारे २,२८५ घनमीटर भरते. गावात माती ब्रासने मोजतात. शंभर घनफुटांचा एक ब्रास. त्या हिशेबाने ही माती आठशे ब्रास होते. हेक्टरी ४७,००० रुपये म्हणजे ब्रासमागे साठ रुपयांच्याही आत. एवढ्यात माती खणणे, ट्रॉलीत भरणे, वाहून आणणे, पसरणे आणि धुरे पुन्हा घालणे हे सारे बसवावयाचे आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये, मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागातील अतिवृष्टीनंतर, महाराष्ट्र शासनाने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि त्याशिवाय रोजगार हमीच्या कामांतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. माती गेल्याचे नुकसान पीक गेल्याच्या नुकसानापेक्षा वेगळ्या पातळीचे आहे, ही जाणीव या आकड्यात निश्चित दिसते. याही हिशेबाने ब्रासमागे चारशे-सव्वाचारशे रुपये होतात. परंतु अर्धा हात गेला की पाव हात, हे ठरविण्याचे साधन नसल्याने ज्याची चार इंच माती गेली तो आणि ज्याचे वावर मुरमापर्यंत गेले तो, असे दोघेही एकाच हेक्टरी दरात बसतात.

माती आणावयाची कोठून, हा पुढचा प्रश्न. वाहून गेलेली माती नाहीशी होत नाही. ती खालच्या धरणात, तलावात, नाल्यात जाऊन बसते. २०१७ साली राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली तिचे तत्त्व हेच, की धरणाच्या पोटातला गाळ काढून शेतावर पसरावा. पुढील काळात बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांच्या कामासाठी लागणारी माती-मुरूम तलाव आणि नाल्यांच्या खोलीकरणातून घेण्यात आला आणि ही रीत 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून देशभर ओळखली गेली. जलसाठे वाढले हा तिचा लाभ उघड आहे. इतिहासाच्या दृष्टीने आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तलावातला गाळ हा वरच्या वावरांचाच हरवलेला मजकूर असतो. तो महामार्गाच्या भरावात गेला तर कायमचा गेला. वावरात परतला तर अंशतः का होईना, पूर्ववत झाला. मुरूम रस्त्याला आणि गाळ वावराला अशी विभागणी जेथे काळजीपूर्वक होते तेथे दोन्ही कामे साधतात. सिंदखेड राजाच्या जुन्या तलावांकडे पाहिले तरी हे ध्यानात येईल, की पाणी साठविण्याची प्रत्येक रचना ही माती साठविण्याचीही रचना असते, आणि उपसा थांबला की ती भरत जाते.

आम्ही 'मजकूर' हा शब्द वापरला तो अलंकार म्हणून नव्हे. पाठचिकित्सेत आणि जमिनीच्या दुरुस्तीत एक खरे साम्य आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तीनशे वर्षांच्या नकलांत शिरलेले अपपाठ काढावयाचे तर आधी उपलब्ध प्रती समोर हव्यात आणि शुद्ध म्हणजे काय याविषयी धारणा हवी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली त्या कामात १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पूर्णत्वास गेले. एवढे करूनही संपादकांचा दावा मूळ महाभारत सापडल्याचा नव्हता. उपलब्ध प्रतींच्या आधारे जितके मागे जाता येते तितके जाण्याचा होता. याच्या उलट परंपरेने तुकोबांच्या गाथेची कथा सांगितली आहे. इंद्रायणीत बुडालेल्या वह्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या. भक्ताच्या दृष्टीने ती कथा सत्य आहे. पण त्याच परंपरेत असेही सांगतात, की वह्या बुडाल्या तेव्हा अभंग लोकांच्या मुखी होतेच. म्हणजे लोकांच्या स्मरणात दुसरी प्रत होती. नदीने नेलेले परत मिळण्यास दुसरी प्रत लागते.

वावराची दुसरी प्रत कोठे आहे? सातबाऱ्यावर ती नाही. सातबारा गट क्रमांक सांगतो, भोगवटादार सांगतो, क्षेत्र सांगतो, पोटखराबा सांगतो, पीक सांगतो, बोजा सांगतो. नदीने काठाचे क्षेत्र कापून नेले तर महसूल कायद्याला ते कळते, कारण क्षेत्र घटते. वरून नऊ इंच माती गेली तर क्षेत्र तेवढेच राहते आणि कायद्याच्या लेखी काहीही घडलेले नसते. २०१५पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब असे बारा घटक तपासले जातात. खोली हा तेरावा घटक त्यांत नाही. प्रयोगशाळेत जाणाऱ्या अर्धा किलो नमुन्याला स्वतःखाली आणखी किती माती होती हे ठाऊक असण्याचे कारणही नाही.

तरीही सातबाऱ्यावर एक जागा आहे जेथे जुनी प्रत पुसटशी उरली आहे. क्षेत्राजवळच 'आकार' किंवा 'आकारणी' असा रकाना असतो आणि त्यात काही रुपये, काही पैसे लिहिलेले असतात. आजच्या व्यवहारात त्या आकड्याला किंमत नाही; विद्यार्थ्यांना सातबारा वाचावयास दिला तर त्यांची नजर त्यावरून घसरून जाते. पण शेजारशेजारच्या सारख्या क्षेत्राच्या दोन गटांचे आकार वेगळे का, असे विचारले की गाडी पुन्हा प्रतबंदीपाशी येते. कोणे एके काळी कोणी तरी त्या दोन वावरांत खणून पाहिले होते, एकात दीड हात आणि दुसऱ्यात पाऊण हात माती भरली होती, आणि त्या फरकाचे पैसे झाले होते. हात आणि आणे विस्मरणात गेले, रुपये-पैसे उरले. नाममात्र वाटणारा तो आकडा मातीच्या खोलीचा जीवाश्म आहे.

यावरून दोन कामे सुचतात. पहिले इतिहासाच्या अभ्यासकांचे. प्रतबंदीच्या जुन्या नोंदी भूमी अभिलेखांत जेथे टिकून असतील तेथून एखाद्या गावापुरत्या जरी बाहेर काढून आजच्या खोलीशी ताडून पाहिल्या, तर दीड शतकात त्या शिवारातून किती माती गेली याचा अंदाज करता येईल. पूर, नांगरट, तोडलेले धुरे आणि चराई यांचा एकत्रित इतिहास त्यातून हाती येईल, आणि तो कोणत्याही गॅझेटियरपेक्षा बोलका असेल. हे काम मराठीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे, कारण जुने दप्तर वाचणे आणि दोन पाठ ताडून पाहणे हेच त्याचे शिक्षण आहे.

दुसरे काम प्रशासनाचे, आणि ते फार खर्चाचे नाही. गोल्फच्या मैदानाला जे उभे चित्र लाभते ते प्रत्येक वावराला इंचाइंचाने लाभणार नाही, हे उघड आहे. पण पुराचा धोका असलेल्या नाल्याकाठच्या गटांत, कोरड्या दिवसांत, तीन जागी पहार घालून मातीची खोली मोजता येते आणि मृदा पत्रिकेवर ती लिहिता येते. पुढच्या पुरानंतर तलाठ्याने त्याच तीन जागी पुन्हा मोजावे. मग पंचनाम्यात 'जमीन खरडून गेली' या मोघम वाक्याऐवजी किती गेली हे येईल, आणि मदत हेक्टरी न ठरता ब्रासाने ठरविण्याची मागणी करता येईल. १८४७ साली सारा वसूल करण्यासाठी जी खोली मोजण्याइतकी महत्त्वाची होती, ती भरपाई देताना मोजण्यापलीकडची कशी होते, हा प्रश्न संग्रामपूर-जळगाव जामोदच्या शेतकऱ्याने विचारावा आणि त्याच्या बाजूने जुने दप्तर घेऊन अभ्यासकांनी उभे राहावे.